मालक आणि पाहुणे

जागा फुकट मिळाली की पहिला बळी हिशेबाचा जातो. आमच्या जमाखर्चाच्या वहीच्या पहिल्या पानावर मी हे पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. कुणीतरी ते खोडलं. मग मी पेनाने लिहिलं.

आम्ही शिलाईकाम करणारी माणसं. बहुतेकांची उमेदीची वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात नगावर काम करण्यात गेलेली. एका सामाईक इमारतीच्या हॉलमध्ये आम्ही कामगारांच्याच मालकीची सहकारी संस्था काढली. पिशव्या, गणवेश, पडदे, जुन्या कपड्यांची दुरुस्ती, येईल ते काम घ्यायचं. हॉल आमचा नाही. सकाळी तिथे व्यायामाचा वर्ग भरतो, संध्याकाळी गाण्याची तालीम असते, एका भिंतीला लागून वाचनालयाची कपाटं आहेत. मधले तास आमचे. भाडं नाममात्र, आणि तेही इमारत सांभाळणाऱ्या समितीने "आधी बस्तान तर बसू द्या, मग बघू" म्हणून फारसं मनावर न घेतलेलं. चांगली माणसं आहेत. अडचण तिथूनच सुरू होते.

पहिली मोठी ऑर्डर आली तेव्हा सगळे भाव काढायला बसलो. कापड, दोरा, चेन, वीज, मशीनचा घसारा, नगामागे मजुरी. बेरीज झाली. मी म्हटलं, "जागा राहिली." सगळे माझ्याकडे बघायला लागले. जे पैसे आपण देतच नाही, ते खर्चात कशाला धरायचे?

प्रश्न वाजवी होता. भाडं धरलं नाही तर भाव खाली येतो, ऑर्डर पटकन मिळते, महिनाअखेर हातात चार पैसे जास्त पडतात, आणि ते सगळे आपल्या कष्टाचेच आहेत असं वाटायला लागतं. त्यातला एक हिस्सा समितीच्या मोठ्या मनाचा असतो. उद्या समिती बदलली, छत गळायला लागलं, तेच तास दुसऱ्या कुणाला हवे झाले, की तो हिस्सा एका दिवसात जातो. गिऱ्हाईक मात्र जुन्या भावाला चिकटून बसतं. शिवाय कुठेतरी भाड्याच्या खोलीत, पदरचं भाडं भरून, हेच काम करणारी एखादी बाई असतेच. सार्वजनिक जागेच्या जिवावर आपण तिचा भाव पाडायचा, हे मला तेव्हाही पटत नव्हतं आणि आजही पटत नाही.

बरीच डोकेफोड झाल्यावर ठरलं ते असं. भाव काढताना चालू दराने जेवढं भाडं बसेल तेवढं धरायचं. समितीला प्रत्यक्षात देतो ते वजा करून उरलेली रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची, आणि वाटपाच्या वेळी त्या खात्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. यामुळे एक ऑर्डर हातची गेली. दोघीजणी माझ्याशी काही दिवस जेवढ्यास तेवढंच बोलत होत्या.

फुकटच्या कष्टांचंही तेच. सुरुवातीला सगळेच हौसेने राबतात. जुनं मशीन दुरुस्त करून आणणं, गिऱ्हाइकाच्या दारी खेटे घालणं, नोंदणीच्या कागदांसाठी कचेरीतल्या बाकड्यावर बसून राहणं. त्या दिवसांत तास मोजणं कद्रूपणाचं वाटतं. पण न लिहिलेले तास कुठे जात नाहीत. ते मनात साठतात, त्यांच्यावर व्याज चढतं, आणि पुढे कधीतरी पंख्याखाली कोण बसणार असल्या क्षुल्लक भांडणात ते सगळे एकदम वसूल केले जातात. म्हणून आमच्याकडे एक कच्ची वही आहे. बिनपगारी तास तिच्यात ज्याचे त्याने लिहायचे. त्याचे पैसे मिळतील असा शब्द कुणी दिलेला नाही. वर्षाच्या सभेत ती वही मोठ्याने वाचली जाते, एवढंच. पहिल्यांदा वाचली तेव्हा सगळ्यांत जास्त बडबड करणाऱ्याच्या नावापुढे सगळ्यांत कमी तास निघाले. कुणी काही बोललं नाही. पुढच्या सभांना मात्र त्याचं बोलणं बरंच आटोक्यात आलं.

संस्थेत आपण मालक असतो आणि हॉलमध्ये पाहुणे. दोन्ही एकाच वेळी, एकाच खुर्चीवर बसून. या दोन गोष्टींची गल्लत झाली की सुरुवातीची उमेद नासते, असं माझं मत आतापर्यंतच्या अनुभवाने पक्कं होत गेलं आहे. गल्लत होणं साहजिकही आहे. आयुष्यभर "इथे बसू नका, तिथे हात लावू नका" ऐकलेल्या माणसाला पहिल्यांदा मालक व्हायला मिळालं की नजरेत येईल ते सगळंच त्याला आपलं वाटू लागतं: खिडकीजवळची उजेडाची जागा, मोठं टेबल, भिंतीवरचे खिळे. आमच्यातल्या एकीने त्या खिळ्यांवर कागदी पॅटर्न टांगून ठेवले. गाण्याच्या मंडळींचे तंबोरे टेकवायची ती भिंत होती. त्यांनी पॅटर्न नीट घडी घालून टेबलावर ठेवले, म्हणजे वागायला ते चुकले नाहीत. पण घडी पडलेला पॅटर्न कापताना कापडावर नीट बसत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

खरा पेच टाचण्यांचा झाला. एका सकाळी व्यायामाच्या वर्गातल्या एका काकांच्या तळव्यात टाचणी गेली. ती मंडळी अनवाणी असतात. रक्त थेंबभरच आलं, बोलणी बरीच बसली, आणि बोलणाऱ्यांचं बरोबर होतं. आम्ही रोज झाडून निघत होतो. पण टाचणी झाडूला दाद देत नाही. ती फरशीच्या सांध्यात आडवी पडून राहते आणि वरून झाडू सरळ निघून जातो. मग आमच्यातल्या एकाने मोडक्या स्पीकरमधला गोल चुंबक काढून काठीच्या टोकाला दोरीने बांधला. निघताना तो जमिनीपासून बोटभर वर धरून हॉलभर फिरवायचा. पहिल्याच संध्याकाळी त्याला मूठभर टाचण्या, मोडक्या सुयांची टोकं, एक बॉबिन आणि कुणाची तरी केसांची पिन चिकटली. कपड्याने पुसल्याशिवाय ते सुटत नाही, आणि पुसताना बोटाला टोचतंच.

चुंबक फिरवायचा कुणी, यावर मात्र सभा घ्यावी लागली. ज्याने तो केला त्याच्याच गळ्यात ते काम पडलं होतं. काही दिवस त्याने ओढलं, मग काठी टेबलावर आडवी ठेवली आणि म्हणाला, "हे माझं एकट्याचं आहे का?" एक मत असं पडलं की हॉल समितीचा, केरही समितीचा, त्यांनी माणूस ठेवावा. दुसरं मत असं की टाचण्या आपल्या, तेव्हा पाय कुणाचाही असो, जबाबदारी आपली. तिसरं मत पाळी लावावी असं होतं. पाळी लागली, पण त्याआधी मी हट्टाने एक गोष्ट मान्य करून घेतली: चुंबक फिरवण्याची वेळ कामाच्या तासांत धरायची आणि तिचे पैसे भावात मिळवायचे. आपल्या कामाचा उकिरडा आवरणं हा उत्पादनाचा खर्च आहे. तो हॉलवर उपकार म्हणून केला, तर कंटाळा आला की थांबतो.

सामाईक गोष्ट कशी सांभाळायची, यावर लोक सहसा दोनच उपाय सुचवतात: कुणा एकाच्या मालकीची करा, नाहीतर सरकारच्या ताब्यात द्या. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी तिसऱ्या वाटेचा अभ्यास करण्यात आयुष्य घातलं. कुरणं, जंगलं, पाटाचं पाणी, मासेमारीची पाणी-क्षेत्रं वापरणाऱ्या लोकांनीच स्वतः नियम करून पिढ्यान्‌पिढ्या टिकवल्याची उदाहरणं त्यांनी गोळा केली आणि तपासली. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या विषयात ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांच्या उदाहरणांतलं मला सगळ्यांत आवडतं ते स्वित्झर्लंडमधल्या ट्योर्बेल या डोंगरी गावाचं. तिथला १५१७ सालचा नियम असा: हिवाळ्यात जितक्या गायी स्वतःच्या चाऱ्यावर पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणात सोडायच्या. या नियमाची गंमत अशी की तो मोडला तर शेजाऱ्याला दिसतो. दंड वसूल करणारा अधिकारी तिथे होता, पण कुणी नियम मोडला हे शोधायला चौकशी लागत नाही.

आमचा कापडाचा नियम तिथूनच सुचला. आधी गठ्ठे कुठे ठेवायचे यावरून रोज कटकट व्हायची, "थोडंसंच आहे", "उद्या उचलतो", "कोपऱ्यात कुणाला अडतं?" आता नियम एकच आहे: आमच्या वाट्याच्या दोन कपाटांत मावेल तितकंच सामान हॉलमध्ये राहील. निघताना कपाटाची दारं लागली पाहिजेत. दार लागलं की नाही हे गाण्याला येणाऱ्या मुलालाही कळतं. यामुळे मोठ्या ऑर्डरचं कापड आम्हाला दोन खेपांत मागवावं लागतं आणि वाहतुकीचा खर्च वाढतो. तो खर्चही वहीत आहे.

आता थोडं अवघड. अशा जागेत येणारी निम्मी माणसं सेवाभावाने येतात. वाचनालय सांभाळणाऱ्या ताई कितीतरी वर्षं एक पैसा न घेता पुस्तकांना पुठ्ठे घालतायत. गाणं शिकवणारे सर मानधन घेत नाहीत. त्यांच्या शेजारी आम्ही पगार घेतो. सुरुवातीला ताईंनी मला विचारलं होतं, "म्हणजे तुम्ही इथे धंदा करणार?" आवाजात खोच नव्हती, खरंच कुतूहल होतं. अशा वेळी माणसाच्या तोंडून चटकन निघतं, "छे छे, आम्ही पण एक प्रकारची समाजसेवाच करतोय." आमच्यातल्या एकाने ते म्हटलंही. मी मध्येच म्हणाले, "हो ताई, धंदा. फक्त मालक आम्ही सगळे."

कमावण्याची लाज बाळगणारी कामगार संस्था शेवटी आपल्याच सभासदांना कमी पैशांत राबायला सांगते, हा माझा पूर्वग्रह म्हणा किंवा अनुभव म्हणा. सेवा करणाऱ्याचं पोट दुसरीकडून भरत असतं. आमचं इथूनच भरायचं आहे. ताईंना हे पटलं की नाही ठाऊक नाही, पण त्यांनी त्यानंतर कधी "हॉलच्या पडद्यांना एवढी शिलाई मारून द्याल ना, घरचंच काम आहे" असं म्हटलं नाही. समितीतल्या इतरांनी मात्र म्हटलं. त्यावर आमची पद्धत अशी: रीतसर अंदाजपत्रक द्यायचं, पुरं बिल करायचं, आणि सूट द्यायची असेल तर बिलावर ती वेगळी ओळ म्हणून दाखवायची. दिलेलं दिसलं पाहिजे, घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही.

या वादात मी आंतरराष्ट्रीय सहकारी संघटनेलाही ओढलं. ही संघटना १८९५ पासूनची. १९९५ मध्ये तिच्या शताब्दीला मँचेस्टरमध्ये सहकाराची सात तत्त्वं नव्याने मांडली गेली. समाजाविषयीची आस्था हे त्यातलं सातवं तत्त्व, आणि ते त्याच वेळी नव्याने आलं. सभासदांचा आर्थिक सहभाग तिसऱ्या क्रमांकावर आहे. क्रमावरून महत्त्व ठरतं असं कुणी म्हटलेलं नाही, पण बोलता बोलता मी ते वापरून घेतलं.

पैशाकडे येते. आमच्याकडे प्रत्येकाचा भाग, म्हणजे मालकीचा शेअर, सारखा आहे, आणि मत एकच. ज्यांना एकरकमी जमलं नाही त्यांचा भाग मजुरीतून हप्त्याहप्त्याने कापला जातो, मताचा हक्क मात्र पहिल्या हप्त्यापासून. स्पेनमधल्या बास्क प्रांतातल्या मोंद्रागॉनच्या सहकारी कारखान्यांतही नव्या सभासदाला रक्कम भरावी लागते, ती सर्वांत खालच्या वर्षभराच्या पगाराच्या आसपास असते, आणि ती हप्त्यांनी भरता येते. तिथली सुरुवात मला धीर देते ती वेगळ्या कारणाने. अरिझमेंदियारिएता नावाच्या एका पाद्र्याने १९४३ मध्ये तिथे तंत्रशाळा काढली. त्या शाळेतून शिकलेल्या पाच जणांनी पहिला कारखाना सुरू केला १९५६ मध्ये. मधली तेरा वर्षं शिकण्यात, चर्चेत आणि एकमेकांना पारखण्यात गेली. आपल्याला सहा महिन्यांत ताळेबंद नफ्यात हवा असतो.

आमच्यातल्या एका सभासदाकडे गाठीला थोडे पैसे होते. कापडाच्या कडा शिवणारं ओव्हरलॉक मशीन घ्यायचं घाटत होतं, तेव्हा तो म्हणाला, "मी पूर्ण रक्कम घालतो, माझे भाग वाढवा." माणूस सरळ आहे, मनात काही काळंबेरं नव्हतं. तरी आम्ही नाही म्हटलं. त्याचे पैसे कर्ज म्हणून घेतले, व्याज ठरवलं, कागद केला, मत एकच राहिलं. त्याला वाईट वाटलं. मी त्याला रॉचडेलची गोष्ट सांगितली, नेहमीची नाही, दुसरी.

नेहमीची सगळ्यांना माहीत असते. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या २८ जणांनी, त्यांत बरेच विणकर, आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूला टाकत २८ पौंड जमवले, टोड लेनवरच्या एका गोदामाचा तळमजला वर्षाला १० पौंड भाड्याने घेतला आणि २१ डिसेंबर १८४४ रोजी दुकान उघडलं. जगभरच्या सहकाराचा उगम तिथे दाखवतात. पण ते गिऱ्हाइकांच्या मालकीचं दुकान होतं. त्याच मंडळींपैकी काहींनी १८५४ मध्ये सूतकताईची आणि विणकामाची सहकारी गिरणी काढली, आणि नफ्यात भांडवलाइतकाच कामगारांनाही वाटा ठेवला. गिरणी चांगली चालली. चालली म्हणूनच तिला मोठं व्हायचं होतं, मोठं व्हायला भांडवल हवं होतं, आणि भांडवल घेऊन आले ते नुसते भागधारक. गिरणीत काम न करणारे. १८६२ मध्ये त्यांनी बहुमताने कामगारांचा वाटा बंद केला. सगळं रीतसर, ठराव करून. कुणी चोरी केली नाही की दरोडा घातला नाही.

ही गोष्ट ऐकून तो म्हणाला, "म्हणजे मी दरोडेखोर?" मी म्हटलं, "तू नाहीस. पण दार तुझ्यापुरतं उघडता येत नाही ना."

वर्षाअखेर उरलेला पैसा आम्ही भागांच्या प्रमाणात वाटत नाही, कामाच्या तासांच्या प्रमाणात वाटतो. त्याआधी एक हिस्सा राखीव निधीत जातो, आणि तो निधी संस्था बंद झाली तरी आपसात वाटून घ्यायचा नाही असं आम्ही लिहून ठेवलं आहे. इटलीत सहकारी संस्थांबाबत १९४७ च्या कायद्यापासून साधारण हाच विचार आहे: राखीव पैसा सभासदांत वाटता येत नाही, संस्था मोडली तर तो आधी सार्वजनिक हिताच्या कामाकडे जायचा, आता सहकार वाढवण्यासाठीच्या निधीकडे जातो. कारण उघड आहे. संस्था चांगली चालली, साठा मोठा झाला, तर शेवटी जे चार-पाच सभासद उरतील त्यांना ती मोडून पैसे घेऊन घरी जायचा मोह होणार. हा साठा ज्यांनी पहिल्या वर्षांत कमी मजुरीत काम करून उभा केला, ती माणसं तेव्हा तिथे नसणार.

आमच्यातल्या सगळ्यांत वडील मावशी यावर चिडल्या. "मग एवढी मान मोडून मी जाताना काय नेणार? प्रशस्तिपत्रक?" त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतंच. मोंद्रागॉनमध्ये प्रत्येक सभासदाच्या नावाचं भांडवल खातं असतं. नफ्यातला त्याचा हिस्सा तिथे जमा होतो आणि जाताना परत मिळतो. आम्हीही तसंच, लहान प्रमाणावर केलं. पण मी मावशींना दुसरी बाजूही सांगितली. मोंद्रागॉनचा घरगुती उपकरणांचा मोठा कारखाना, फागोर, २०१३ मध्ये बुडाला. बऱ्याच सभासदांना इतर सहकारी कारखान्यांत काम मिळालं, ही त्या जाळ्याची ताकद. पण फागोरमध्ये अडकलेलं त्यांचं भांडवल गेलं. मालक झालो की बुडण्याचा हिस्साही आपलाच. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मालकाने मला आजवर नफा कधी दाखवला नाही, तोटा मात्र दर दिवाळीत सांगितला. निदान आता वही तरी बघायला मिळेल."

सभांबद्दल फार लिहीत नाही. त्या लांबतात. आमच्या लक्षात आलं ते इतकंच की सगळं सगळ्यांनी मिळून ठरवायचं म्हटलं की शेवटी जो उशिरापर्यंत बसू शकतो तोच ठरवतो, आणि जिला मुलाला आणायला जायचं असतं ती हरते. म्हणून भाव, मजुरी, नवे सभासद आणि कर्ज एवढेच विषय सभेसमोर येतात. दोऱ्याचा रंग ज्याच्या हातात काम आहे त्याने ठरवावा. इतिवृत्त लिहिणारा दर महिन्याला बदलतो, हे मात्र मी कुणालाही सुचवेन. जो लिहितो त्याला सगळं माहीत असतं, आणि सगळं माहीत असणारा कधी साहेब होतो ते त्याचं त्यालाही कळत नाही.

जागेची भानगड कधी उलटीही असते, याचं भान मला ब्यूनॉस आयर्समधल्या इंपा या ॲल्युमिनियमच्या कारखान्यामुळे आलं. तो मोडकळीला आला तेव्हा, १९९८ मध्ये, कामगारांनी तो ताब्यात घेऊन स्वतः चालवायला घेतला आणि कारखान्याच्या आवारातच सांस्कृतिक केंद्र उघडलं. यंत्रांच्या शेजारी नाटकं, वर्ग, पुढे प्रौढांसाठी शाळाही. तिथे मालक कामगार आणि पाहुणे आसपासचे लोक. त्यात प्रेम होतंच, हिशेबही होता: कारखाना रिकामा करायला कुणी आलं तर वस्तीतली माणसं दारात उभी राहावीत. आपल्याकडे लिज्जत पापडाची सुरुवात १५ मार्च १९५९ रोजी झाली ती गिरगावातल्या इमारतीच्या गच्चीवर, सात बायकांनी. गच्ची म्हणजे सगळ्यांची आणि कुणाचीच नाही अशी जागा. वाळवणाला ऊन लागतं आणि ऊन कुणाच्या नावावर नसतं. पुढे काम गच्चीत मावेना तेव्हा त्यांनी मोठी जागा शोधत बसण्यापेक्षा पीठ घरोघर नेऊन लाटायची पद्धत बसवली, हे मला त्यांच्या सगळ्या विस्तारापेक्षा हुशारीचं वाटतं. आमच्यातही अधूनमधून "स्वतःची जागा घेऊ" असा सूर निघतो. मी त्या विरुद्ध नाही, पण मला तो सूर सहसा कुणाशी तरी भांडण झाल्याच्या आठवड्यातच ऐकू येतो.

सध्या अडलंय ते निराळ्याच ठिकाणी. हंगामात गणवेशांचं काम एकदम वाढतं आणि आमचे हात पुरत नाहीत. तेव्हा बाहेरून मदतीला माणसं घ्यावी लागतात. त्यांना मजुरी द्यायची, वाटा द्यायचा नाही, मत द्यायचं नाही, म्हणजे आम्हीच मालक आणि ती नोकर. रॉचडेलच्या गिरणीत बाहेरून भांडवल आलं, आमच्याकडे बाहेरून हात येतायत. शेवट वेगळा होईल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही. म्हणून आम्ही ठरवलं की दुसऱ्या हंगामालाही जे येतील त्यांना सभासद व्हायचं विचारायचं. विचारण्याचं काम माझ्याकडे आलं.

काज-बटणाला येणारी एक मुलगी आहे. हात इतका साफ की मावशीसुद्धा तिची शिलाई उलटून बघत नाहीत. तिला मी सगळं समजावून सांगितलं: भाग, हप्ते, मत, वर्षाचा वाटा, जाताना परत मिळणारं खातं. तिने हातातलं काज पुरं केलं, दोरा तोडला आणि म्हणाली, "ताई, सभा किती वेळ चालते?" मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "मग मला नको. मला दर शनिवारी पैसे द्या आणि पाचला सोडा. मालकीण व्हायला मला वेळ नाही."

यावर काय करायचं ते आम्हाला सुचलेलं नाही. एका गटाचं म्हणणं, तिचा निर्णय तिचा, तिला आमच्याच दराने मजुरी द्या आणि विषय संपवा. दुसऱ्या गटाचं म्हणणं, आज ती एक आहे, उद्या अशा दहा होतील, आणि दहा जणींना मत नसलेली संस्था आपली आहे असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? बिनसभासदांनी वर्षभरात जास्तीत जास्त किती तास काम करावं यावर मर्यादा घालायचा ठराव मांडायचा आहे. मसुदा माझ्याकडे आहे. सभा बुधवारी आहे, आणि मावशींनी आधीच कळवलंय की या वेळी ती एका तासात संपली नाही तर त्या उठून जातील.